गरोदर बाईच्या रक्ताचे कोडे सोडवणारी डॉ. लूसी विल्स

भात कापायचा विळा आपल्याकडे गावचा लोहार पाजवून देतो. इंग्लंडात दीडशे वर्षांपूर्वी याच मालाचे मोठाले कारखाने चालत. बर्मिंगहॅम शहराच्या बाजूला विल्स नावाच्या घराण्याचा असाच एक कारखाना होता. विळे, कोयते आणि गवत कापायची लांब दांड्याची पाती तिथे तयार होत. त्या घरात १० मे १८८८ रोजी एक मुलगी जन्मली, लूसी. आज तिची गोष्ट सांगायची आहे.

तुम्ही म्हणाल, विलायतेतल्या कारखानदाराच्या मुलीशी शहापूर-मुरबाडच्या माणसाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो तुमच्या घरातल्या फळीवर ठेवलेला आहे. उपकेंद्रातली नर्सबाई किंवा आशाताई गरोदर बाईला जी लाल गोळी देते, तिच्यात लोह असते आणि फॉलिक अ‍ॅसिड नावाचा दुसरा पदार्थ असतो. या दुसऱ्या पदार्थाचा माग पहिल्यांदा लागला तो मुंबईत, परळला, गिरणीकामगार बायकांच्या रक्तात; आणि तो काढला या लूसी विल्सबाईंनी. दुसरे असे, की गरोदरपणात वाईट जातीचा हिवताप झाला तर जे जोडऔषध द्यावे लागते, त्यातले एक औषध नेमके याच पदार्थावर घाव घालते. त्यामुळे रक्त वाढवायची गोळी आणि तापाची गोळी यांचे एकमेकींशी नाते आहे. ते नाते ठाऊक नसले तर घोटाळा होऊ शकतो.

लूसी शिकली ती त्या काळच्या मानाने फार चांगल्या शाळेत, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात. तिथे मुलींना विज्ञान आणि गणितही शिकवत. पुढे १९०७ साली ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे तिचे विषय. १९११ साली परीक्षा पास झाली, पण पदवी काही मिळाली नाही! कारण केंब्रिज विद्यापीठ मुलींना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. हा नियम मोडायला १९४८ साल उजाडावे लागले. आपल्याकडेच बायकांना डावलत असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९११ सालीच वडील वारले. दोन वर्षांनी मोठी बहीण गेली, सव्वीस वर्षांची. १९१४ साली लूसी भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेली होती, तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. भाऊ सैन्यात दाखल झाला आणि ही केपटाऊनच्या एका इस्पितळात काही आठवडे शुश्रूषेचे काम करीत राहिली. तिथून परत आली ती डॉक्टर व्हायचे ठरवूनच. १९१५ च्या जानेवारीत लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत तिने नाव घातले आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ती डॉक्टर झाली. दवाखाना मात्र तिने कधी थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात रक्त-लघवी तपासण्याच्या खात्यात शिकवणे आणि संशोधन करणे हेच तिने पत्करले. गरोदर बाईच्या शरीरात काय काय बदल होतात, हा तिचा त्या वेळचा अभ्यास.

परळची प्रयोगशाळा

इकडे मुंबईत त्या वेळी बाळंतपणात बायका फार दगावत होत्या. गिरण्यांच्या चाळीत एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली माणसे, बाया पोटुशा असूनही साच्यावर उभ्या. पाणी मात्र आपले पीत होत्या, म्हणजे आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसाचे, जे १८९२ पासून मुंबईला जाते आहे. या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेने चौकशी सुरू केली. (हीच संस्था पुढे १९४९ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली.) चौकशीच्या कामात डॉ. मार्गारेट बाल्फर नावाच्या अनुभवी बाई होत्या, हिंदुस्थानात अनेक वर्षे बायकांच्या इस्पितळांत काम केलेल्या. त्यांनी विल्सबाईंना बोलावून घेतले. १९२८ साली विल्सबाई मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. प्लेगची लस बनवणारी तीच ही संस्था.

त्यांच्यापुढे प्रश्न असा होता. काही गरोदर बायकांचे रक्त इतके उतरायचे, की त्या पांढऱ्याफटक पडत, अंगावर सूज येई, चार पावले चालले की धाप लागे. बरेचदा सातव्या-आठव्या महिन्यात किंवा बाळंत होताच त्या जात. त्या काळी उष्ण प्रदेशातल्या माणसाचे रक्त कमी झाले, की हिवताप नाहीतर पोटातले अंकुशकृमी, अशी दोन कारणे सांगून डॉक्टर मोकळे होत. ती कारणे खोटी नव्हतीच. हिवतापाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो, मग रक्त कमी होणारच. पण विल्सबाईंच्या पुढ्यात आलेल्या बायकांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसत होते. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या पेशी उलट मोठाल्या होत्या, नेहमीपेक्षा टपोऱ्या, पण संख्येने फार थोड्या. लोंबी दिसायला मोठी आणि आत दाणाच भरलेला नाही, तसला प्रकार. असे रक्त पाश्चात्य डॉक्टरांना एका दुसऱ्या रोगात माहीत होते. पण त्या रोगात मज्जातंतूही बिघडत. या बायकांच्या बाबतीत तसे होत नव्हते.

विल्सबाईंनी आधी जंतूचा संशय घेऊन पाहिला. त्यात हाती काही लागले नाही. मग त्यांनी जे केले ते आपल्याला साधे वाटेल, पण त्या काळच्या संशोधकांना ते सुचत नव्हते. कोण काय खाते, किती खाते, घरात हवा-उजेड किती, हे त्यांनी बायकांना विचारून लिहून काढले. या कामाच्या निबंधांवर त्यांच्याबरोबर मेहता, तळपदे, बिलिमोरिया अशी मुंबईकर सहकाऱ्यांची नावे छापलेली आहेत. पाहणीत दिसले ते हे, की हा आजार गरिबांत जास्त, आणि ज्यांच्या ताटात भाजी, फळे, दूध जवळजवळ नाहीच त्यांच्यात सर्वांत जास्त. घराबाहेर न पडणाऱ्या गरीब मुसलमान बायकांचा आहार सगळ्यांत निकस निघाला आणि आजारही त्यांच्यातच अधिक आढळला. जात, धर्म, हवामान हे सगळे बाजूला पडले आणि ताट पुढे आले.

१९२९ साली काही महिने त्या निलगिरीत कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत राहिल्या. आहारशास्त्राचे मोठे जाणकार मॅक्‌कॅरिसन तिथे होते. उंदरांना मुंबईच्या गरीब बायकांसारखाच आहार घालून काय होते ते विल्सबाईंनी पाहिले. उंदरांच्या प्रयोगात उवांनी पसरणाऱ्या एका जंतूने बराच गोंधळ घातला, पण एक गोष्ट पुढे आली. आहारात यीस्ट, म्हणजे पाव फुगवायला आणि दारू आंबवायला जे वापरतात ते, घातले की रक्त बिघडत नाही. पुढे माकडांना तसाच निकस आहार दिला तेव्हा त्यांना अगदी त्या बायकांसारखाच रक्तक्षय झाला, आणि यीस्टच्या अर्काने ती सुधारली.

हा अर्क कोणता? तर मार्माइट. दारूच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडात १९०२ पासून बनवतात तो काळाकुट्ट, खारट लगदा. तिकडे लोक तो पावाला लावून खातात. मुंबईतल्या आणि पुढे मद्रासच्या रुग्ण बायकांना विल्सबाईंनी तो औषधासारखा दिला. ज्या बायकांची आशा सोडली होती त्यांच्या रक्तात काही दिवसांतच नव्या पेशी दिसू लागल्या, भूक लागली, सूज उतरली. महागड्या औषधाची गरज पडली नाही. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे छापले. मार्माइटमध्ये असे काय आहे, हे त्यांना तेव्हा सांगता येत नव्हते. एक अज्ञात पदार्थ आहे एवढेच त्या म्हणत. लोक त्याला विल्स घटक म्हणू लागले.

यानंतर थोड्याच वर्षांनी, १९३४-३५ साली, शेजारच्या सिलोनात हिवतापाची भयंकर साथ आली. तिथल्या सुरिया मल चळवळीच्या कार्यकर्त्यांनी उपासमारीने खंगलेल्या तापकऱ्यांना मार्माइट खाऊ घातले, अशी नोंद आहे. ताप उतरवायला क्विनाइन होते. खंगलेले रक्त भरून यायला आणखी काही लागते, हे तिथल्या लोकांना अनुभवाने कळले होते.

विल्सबाई १९३७ साली पुन्हा मुंबईला आल्या, या वेळी पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, वाटेत मुक्काम करीत पाच दिवसांचा प्रवास करून. नंतर दुसरे महायुद्ध आले. लंडनवर बाँब पडत असताना त्या इस्पितळातले काम सांभाळत होत्या. रॉयल फ्री इस्पितळावरही १९४४ साली बाँब पडला. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे जाऊन आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास चालूच होता. लग्न केले नाही. सायकलवर बसून कामाला जात, डोंगर चढत, बर्फावरून घसरत. शेवटची दहा वर्षे त्या लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या.

घटकाचे नाव ठरले

त्यांच्या हयातीतच त्या अज्ञात घटकाचा छडा लागला होता. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी चार टन पालक चिरडून त्यातून चिमूटभर पदार्थ वेगळा केला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हटले. तो कारखान्यात बनवण्याची रीत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४५ साली सापडली. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख कोण? येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. म्हणजे परळमध्ये लागलेला माग अमेरिकेत एका हिंदी माणसाच्या देखरेखीखाली पुरा झाला. १९७० पासून आपल्या देशात गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सरकारी योजनेतून मिळू लागली.

फॉलिक अ‍ॅसिड शरीराला कशाला लागते? नवी पेशी तयार करायला. आपल्या हाडांच्या पोकळीत रोज तांबड्या पेशींचे पीक निघत असते. त्याला हे खत. पोटात बाळ वाढत असले की खताची गरज वाढते. त्यातच हिवताप झाला आणि पेशी फुटू लागल्या, की त्या भरून काढण्यासाठी आणखी खत लागते. म्हणून आधीच निकस आहार असलेल्या गरोदर बाईला हिवताप झाला, तर रक्त दोन्हीकडून उतरते. आपल्या भागातल्या पावसाळी रानभाज्या, कोवळा टाकळा, कुर्डू, भाताच्या मागून येणारे वाल, हरभरा, मूग यांत हे फॉलिक अ‍ॅसिड असते. फार वेळ उकळून पाणी फेकून दिले तर त्याबरोबर तेही जाते, हे सुगरणींनी ध्यानात घ्यावे.

आता हिवतापाच्या जंतूकडे येऊ. त्यालाही वाढायला, एकाचे वीस व्हायला, हेच खत लागते. फरक असा, की माणूस ते अन्नातून घेतो आणि जंतू मुख्यतः स्वतःच्या पोटात तयार करतो. हा फरक औषधवाल्यांनी हेरला. सल्फाडॉक्सिन हे औषध जंतूच्या कारखान्याचा एक दरवाजा बंद करते आणि पायरीमेथामिन पुढचा. पायरीमेथामिन १९५० च्या सुमारास हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून निघाले. त्या दोघांना १९८८ साली नोबेल मिळाले. विल्सबाईंनी बायकांच्या रक्तात जे कमी आहे म्हणून शोधले, तेच जंतूला मिळू न देण्याची ही युक्ती.

पण जंतूही हुशार. भातावर तुडतुडे पडले की आपण एकच औषध दरसाल मारतो, पहिली दोन-तीन वर्षे ते लागू पडते, मग तुडतुडे त्याला दाद देत नाहीत. जे मरत नाहीत त्यांचीच पुढची पिलावळ होते. हिवतापात हेच झाले. क्लोरोक्विन हे स्वस्त आणि गुणकारी औषध होते. १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग भागात फॅल्सीपेरम जातीचा हिवताप त्याला दाद देईना, आणि पुढे ही तक्रार देशात इतरत्रही, महाराष्ट्रातही आली. फॅल्सीपेरम म्हणजे जो मेंदूत चढतो, माणूस बरळायला लागतो, तो वाईट हिवताप. दुसरा व्हायव्हॅक्स, जो थंडी वाजून येतो, छळतो, काही महिन्यांनी परत येतो, पण जिवावर क्वचित बेततो. त्याला क्लोरोक्विन चालते.

फॅल्सीपेरमसाठी उपाय निघाला तो चीनमधल्या एका वनस्पतीतून. तिथल्या तू यूयू या बाईंनी १९७२ साली आर्टेमिसिनिन वेगळे केले. त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले. आर्टेसुनेट हे त्याचेच एक रूप. ते जंतूंचा फडशा फार वेगाने पाडते, पण काही तासांत रक्तातून निघूनही जाते. एकटे दिले तर उरलेसुरले जंतू डोके वर काढतात आणि दाद न देणारे होतात. म्हणून त्याच्या जोडीला सावकाश टिकणारे दुसरे औषध हवे. आपल्या देशात ही जोडी ठरली आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन यांची. आर्टेसुनेट तीन दिवस, सल्फाचा डोस पहिल्या दिवशी एकदाच. तो अनेक दिवस रक्तात राखण करीत राहतो. २०१० पासून देशभर फॅल्सीपेरमला हीच जोडी ठरवली गेली आणि त्याआधी, २००९ साली, आर्टेमिसिनिनची एकटी तोंडावाटे घ्यायची गोळी विकायला बंदी झाली. ईशान्येकडच्या राज्यांत सल्फाचा जोर कमी पडला, म्हणून २०१३ साली तिथे आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन ही दुसरी जोडी आली.

पोटुशी बाई आणि ताप

गरोदर बाईच्या बाबतीत हे सगळे अधिक जपून करावे लागते, आणि गावागावांत घोळ होतो तो इथेच. आपल्याकडे जुना समज आहे, की पोटुशीला तापाचे औषध उष्ण पडते, मूल पडते. म्हणून सासूबाई काढा देतात, नाहीतर बाजारातला डॉक्टर एक सलाइन आणि दुखण्याची गोळी देऊन पाठवतो. वस्तुस्थिती उलटी आहे. औषध न दिलेल्या हिवतापानेच गर्भ पडतो, मूल मेलेले जन्मते किंवा किलो-दीड किलोचे निघते. फॅल्सीपेरमचे जंतू वारेत जाऊन दडी मारतात. वार म्हणजे बाळाला रक्त पोचवणारी शिदोरी. तिथेच चोर बसले, तर बाळाला पोटभर मिळणार कसे? आणि जंतू वारेत दडल्याने कधीकधी बोटातून घेतलेल्या रक्तात ते दिसतच नाहीत. म्हणून एकदा रक्ततपासणी कोरी आली आणि ताप मात्र येतच राहिला, तर गरोदर बाईचे रक्त पुन्हा तपासून घ्या. आशाताईकडच्या पट्टीवर दोन्ही जातींचा हिवताप पंधरा-वीस मिनिटांत कळतो.

मग औषध कोणते? हे महिन्यावर अवलंबून आहे. चौथ्या महिन्यापासून पुढे आर्टेसुनेट-सल्फाची जोडी देता येते. पहिल्या तीन महिन्यांत सल्फा-पायरीमेथामिन देत नाहीत. का ते तुमच्या आता लक्षात आले असेल. त्याच दिवसांत बाळाचा कणा आणि मेंदू घडत असतो आणि त्याला फॉलिक अ‍ॅसिड लागते. ते अडवणारे औषध तेव्हा नको. आईच्या शरीरात फॉलिक अ‍ॅसिड कमी असले की बाळाच्या कण्याला व्यंग येऊ शकते, हे १९९१ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. विल्सबाई ते पाहायला नव्हत्या. या पहिल्या तीन महिन्यांसाठी २०१३ च्या आपल्या राष्ट्रीय धोरणात क्विनाइनच्या गोळ्या सात दिवस असे सांगितले होते. क्विनाइनने गरोदर बाईची साखर एकदम खाली येते, म्हणून उपाशीपोटी ठेवायचे नाही. पुढे २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तीन महिन्यांतही आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन द्यायला हरकत नाही असे ठरवले. ताप मेंदूत चढला, झटके आले, लघवी काळी झाली, तर महिना कोणताही असो, आर्टेसुनेटचे इंजेक्शन लागते आणि त्यासाठी बाईला वेळ न दवडता इस्पितळात न्यावे लागते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि तिथून पुढे ठाण्याचे जिल्हा रुग्णालय अशी ही वाट आहे. कसाऱ्याकडची किंवा माळशेजच्या पायथ्याची बाई असेल तर रात्री गाडीची सोय आधीच बघून ठेवावी. १०८ ला फोन लावा.

व्हायव्हॅक्स असला तर क्लोरोक्विन तीन दिवस, ते गरोदरपणात चालते. पण इतरांना देतात ते प्रायमाक्विन गरोदर बाईला अजिबात द्यायचे नाही. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतः कमी असतो, आदिवासी समाजांतही असे लोक आहेत. प्रायमाक्विनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. आईची तपासणी करता येईल, पोटातल्या बाळाची कशी करणार? म्हणून घरात कुणासाठी आणलेले उरलेले पाकीट पोटुशीला देऊ नका. व्हायव्हॅक्स परत उलटू नये यासाठीचे औषध बाळंतपणानंतर डॉक्टर ठरवतील.

आणि आता गोळ्यांचे ते नाते. सरकारी लाल गोळीत फॉलिक अ‍ॅसिड असते अर्धा मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये मिळते ती पाच मिलिग्रॅमची, म्हणजे दहापट. जंतू स्वतः फॉलिक अ‍ॅसिड बनवतो खरा, पण आयते भरपूर मिळाले तर त्यावरही भागवू शकतो. मग सल्फा-पायरीमेथामिनने दरवाजे बंद करूनही उपयोग कमी होतो. म्हणून सल्फाच्या डोसाबरोबर पाच मिलिग्रॅमची गोळी देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे; कमी मात्रेने तसे होत नाही. तेव्हा ताप आल्यावर डॉक्टरपुढे बसलात, की चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीतून काढून दाखवा. लाल गोळीही दाखवा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका, कारण रक्त भरून यायला तिचीच गरज आहे. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून सहा महिने ती रोज घ्यायची असते.

आज राज्यातला हिवताप जास्त करून गडचिरोलीत आणि मुंबईत सापडतो, त्यामुळे आपल्याकडचे लोक निर्धास्त असतात. पण आपली माणसे एका जागी कुठे राहतात? दिवाळी झाली की कातकरी, ठाकूर वाड्यांतली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पोटुश्या बायकांसकट, आणि पाऊस लागता-लागता परततात. कुणी मुंबईच्या बांधकामावरून येतो. जंतू माणसाबरोबर प्रवास करतो; डास तर ओढ्याच्या डबक्यात आणि भातखाचरात वाट बघतच असतो. परत आलेल्या कुटुंबात गरोदर बाई असेल तर तिचे नाव आशाताईकडे आणि अंगणवाडीत लगेच घालावे, भट्टीवर असताना तिची एकही तपासणी झालेली नसते. सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी जुलैच्या आत अशी यादी करून घेतली तर नर्सबाईचे निम्मे काम हलके होते. मच्छरदाणी वाटायची असेल तर या यादीतल्या घरांपासून सुरुवात करावी. तापाच्या रक्तनमुन्यासोबत जो कागद जातो, त्यावर बाईचे वय लिहितात तसा गरोदरपणाचा महिनाही ठळक लिहायला सांगा; महिना समोर असल्याशिवाय डॉक्टरला औषध ठरवता येत नाही.